कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरचे ओव्हरकरंट संरक्षण: नेमप्लेटपासून रिलेच्या सेटिंगपर्यंत, क्रमाने

सोलापुरात अक्कलकोट रोड असो वा चिंचोळी एमआयडीसी, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत एक चूक वारंवार होते. वीज गेली, परत आली, सगळे माग एकदम सुरू झाले आणि एचटी (उच्चदाब) बाजूचा ब्रेकर पडला, म्हणजे ट्रिप झाला. पाळी थांबलेली, मालक दारात उभा. मग कोणीतरी रिलेचा (करंट पाहून ब्रेकरला पडायचा हुकूम देणाऱ्या उपकरणाचा) आकडा एक पायरी वर करतो. पुढच्या वेळी आणखी एक. काही महिन्यांनी तो रिले पॅनेलवर फक्त दिसायला उरतो, आणि एलटी (लघुदाब) बाजूला खरा फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) झाला की ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जळते.

ब्रेकर पडण्याचे कारण बहुतेक वेळा आकडा लहान असणे हे नसते. सेटिंग उलट्या क्रमाने केलेले असते, म्हणजे आधी एचटीचा रिले लावलेला आणि एलटीचा ब्रेकर कंपनीतून आला तसाच ठेवलेला. म्हणून खाली क्रम दिला आहे. उदाहरण ५०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, डीवायएन-११ (एचटीला डेल्टा, एलटीला न्यूट्रलसह स्टार) जोडणीच्या ट्रान्सफॉर्मरचे आहे. आकडे तुमच्या नेमप्लेटवरून बदला, क्रम बदलू नका.

सावधान: एचटी यार्डातले कोणतेही काम परवानाधारक ठेकेदार आणि सुपरवायझरच्या देखरेखीखाली, शटडाऊन आणि लेखी परमिट घेऊन, लाईन अर्थ करूनच करायचे. हा लेख हिशोब समजण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर एकट्याने पॅनेल उघडू नका.

## टप्पा १: आधी कागद गोळा करा

रिलेजवळ जाण्यापूर्वी एवढी माहिती हातात हवी:

- नेमप्लेट: केव्हीए, दोन्ही व्होल्टेज, जोडणी, टक्के इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मर फॉल्टचा करंट किती अडवतो ते सांगणारा आकडा).
- एचटी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट लहान करून रिलेला देणारा): रेशो, क्लास आणि व्हीए. सीटीवरूनच वाचून घ्या, पॅनेलच्या ड्रॉइंगवरून नको.
- एलटी एसीबी (एलटीचा मुख्य एअर सर्किट ब्रेकर): रेटिंग, रिलीजचा (त्याच्या आतल्या ट्रिप यंत्रणेचा) प्रकार, सध्याची सेटिंग. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- एलटी पॅनेलमधला सर्वांत मोठा आउटगोइंग एमसीसीबी (पुढच्या शाखेचा मोल्डेड केस ब्रेकर).
- ज्या फीडरवर (सबस्टेशनमधून येणाऱ्या ११ केव्ही लाईनवर) तुम्ही आहात त्याच्या सबस्टेशनमधल्या रिलेची सेटिंग. ही महावितरणकडे लेखी मागायची.

शेवटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. तुमचा रिले फीडरच्या रिलेपेक्षा हळू असेल, तर तुमच्या फॉल्टने अख्ख्या फीडरवरचे शेजारी अंधारात जातात.

नियमाची बाजूही इथेच पाहून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याबाबतचे २०२३ चे विनियम २०१० च्या विनियमांच्या जागी आले आहेत. १००० केव्हीए आणि त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरी बाजूला सर्किट ब्रेकर लागतो आणि बुखोल्झसारखे (ऑइलमध्ये गॅस तयार झाला की चालणारे) गॅस संरक्षणही लागते. त्याखाली लिंक्ड स्विच आणि फ्यूज चालतात. ग्राहकाच्या ट्रान्सफॉर्मरला सेकंडरी बाजूला मात्र ब्रेकर हवाच. ५०० केव्हीएला एचटी ब्रेकरची सक्ती नसली, तरी यंत्रमागाच्या कारखान्यात तो बसवावा असे माझे ठाम मत आहे. कारण टप्पा ६ मध्ये येईल.

## टप्पा २: पाच आकडे काढा

एचटी फुल लोड करंट: ५०० ÷ (१.७३२ × ११) = २६.२ अँपिअर.

एलटी फुल लोड करंट: ५०० ÷ (१.७३२ × ०.४३३) = ६६७ अँपिअर.

एलटी टर्मिनलवरचा तीन फेज फॉल्ट करंट: इम्पीडन्स ४.५ टक्के असेल तर ६६७ ÷ ०.०४५ = सुमारे १४,८०० अँपिअर. वरच्या सिस्टिमचा इम्पीडन्स यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष करंट थोडा कमी येईल. मोटारी फॉल्टला स्वतःचा करंट देतात तो वेगळा.

हाच फॉल्ट एचटीकडून किती दिसतो: २६.२ ÷ ०.०४५ = सुमारे ५८३ अँपिअर.

पाचवा आकडा इनरशचा. ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना घेतला जाणारा झटका ढोबळमानाने ०.१ सेकंदाला फुल लोडच्या १२ पट आणि ०.०१ सेकंदाला २५ पट धरतात. आपल्या उदाहरणात ३१५ आणि ६५५ अँपिअर. कोणत्याही फ्यूजने वा रिलेने हा झटका सोसला पाहिजे.

तपासा: एलटीचा आकडा एचटीच्या आकड्याच्या सुमारे २५.४ पट यायला हवा (११,००० ÷ ४३३). तसा येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: सीटी हा भार पेलणार का?

या टप्प्यावर फारसे कोणी थांबत नाही, आणि रिले वेळेवर न चालण्याचे मूळ अनेकदा इथे असते.

समजा सीटी ५०/५ आहे. ५८३ अँपिअरला त्यातून रेटेड करंटच्या ११.७ पट करंट जाईल. इन्स्टंट (विलंब न करता पाडणारी) सेटिंग पुढे ७५० अँपिअर येणार आहे, म्हणजे १५ पट. ५पी१० क्लासचा सीटी पूर्ण बर्डनवर (सेकंडरीला जोडलेल्या भारावर) १० पटीपर्यंतचीच हमी देतो. त्यापुढे तो सॅच्युरेट होऊ लागतो आणि रिलेला करंट खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून इथे ५पी२० हवा.

मीटरिंगच्या कोरवर रिले जोडणे ही तर उघड चूक आहे. मीटर जळू नये म्हणून तो कोर फॉल्टमध्ये मुद्दाम लवकर सॅच्युरेट होईल असाच बनवलेला असतो.

यार्डापासून पॅनेल लांब असेल तर तारेचा रोधही बर्डनमध्ये धरा. ५ अँपिअरच्या सेकंडरीत एक ओहम तारेला २५ व्हीए खर्च होतात, १ अँपिअरच्या सेकंडरीत फक्त १ व्हीए. नवीन पॅनेल मागवणार असाल आणि अंतर जास्त असेल तर १ अँपिअरचाच सीटी मागा.

सावधान: लाईन चालू असताना सीटीची सेकंडरी कधीही उघडी ठेवू नका. उघड्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज येते. रिले काढण्यापूर्वी शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची टोके एकमेकांना जोडणारी पट्टी) लावा.

## टप्पा ४: एलटी एसीबी आधी, एचटी नंतर

संरक्षणाची साखळी लोडकडून सुरू होऊन वर जाते. त्यामुळे आधी एसीबी लावायचा.

८०० अँपिअरचा एसीबी धरू. ओव्हरलोडची सेटिंग ०.८, म्हणजे ६४० अँपिअर. फुल लोड ६६७ आहे आणि आपण त्याच्या किंचित खाली आहोत, हे मुद्दाम. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि ट्रान्सफॉर्मर बहुधा पत्र्याच्या शेडला चिकटून उभा असतो. तिथे ओव्हरलोडला सवलत द्यायला जागाच नसते.

शॉर्ट टाइमची (फॉल्टला थोडे थांबून पाडणारी) सेटिंग ओव्हरलोड सेटिंगच्या ५ पट ठेवू: ३,२०० अँपिअर, ०.२ सेकंद. सर्वांत मोठा आउटगोइंग एमसीसीबी २५० अँपिअरचा आणि त्याचा इन्स्टंट १० पट, म्हणजे २,५०० अँपिअर. मग एका मागाच्या ओळीत फॉल्ट झाला तर एमसीसीबी आधी पडेल आणि बाकीचा कारखाना चालू राहील. एसीबीचा स्वतःचा इन्स्टंट बंद ठेवा, किंवा एसीबीच्या क्षमतेनुसार शक्य तितका वर न्या. तो कंपनीतून येतो तसा खालच्या आकड्यावर राहिला, तर ०.२ सेकंदांचा काही उपयोग उरत नाही.

ओव्हरलोडचा टाइम डिले किती, हेही आत्ताच लिहून ठेवा. ६ पट करंटला ०.५ सेकंद, १ सेकंद, २ सेकंद अशा पायऱ्या असतात. आपण ६ पटीला ०.५ सेकंद घेऊ.

तपासा: एसीबीजवळच्या छोट्या बोर्डात १० केए (१०,००० अँपिअर) क्षमतेचे एमसीबी आहेत का? तिथे फॉल्ट १४ केएच्या आसपास जाऊ शकतो. लांब केबलच्या टोकाला करंट घटतो आणि तिथे ते चालतात, मुख्य पॅनेललगत नाही.

नेहमीची चूक, आणि सर्वांत धोक्याची: यार्डातल्या दिव्यासाठी किंवा बोअरच्या पंपासाठी एसीबीच्या आधीच एक बारीक केबल काढलेली असते. १६ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम एक्सएलपीई केबल एक सेकंदाला जेमतेम १,५०० अँपिअर सोसते (दर चौरस मिलिमीटरला ९४ अँपिअर). १४,८०० अँपिअरला तिचा वेळ सुमारे ०.०१ सेकंद, म्हणजे अर्धी सायकल. एचटी रिले अर्ध्या सेकंदाने पडतो. मधल्या वेळात केबल पेटते, आणि कापसाचा तंतू सगळीकडे साचलेल्या शेडमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते सोलापुरात सांगावे लागत नाही. अशी टॅप काढायचीच असेल तर तिच्या उगमालाच योग्य क्षमतेचा एचआरसी (मोठा फॉल्ट तोडू शकणारा) फ्यूज बसवा.

## टप्पा ५: एचटी रिलेची वेळ

### पिकअप

पिकअप म्हणजे ज्या करंटपासून रिले चालू लागतो तो आकडा. फुल लोडच्या १.२ ते १.२५ पट. २६.२ × १.२५ = ३२.८. ५०/५ सीटीवर ६५ टक्के घेतले की ३२.५ अँपिअर.

### कर्व्ह कोणता

कर्व्ह म्हणजे किती करंटला रिले किती वेळाने पडतो त्याचा आलेख. सवयीने सगळे स्टँडर्ड इन्व्हर्स घेतात. टीएमएस (वेळेचा गुणक) ०.२५ ठेवला तर ५८३ अँपिअरला (पिकअपच्या १७.९ पट) रिले ०.५९ सेकंदाने पडतो. एसीबीच्या ०.२ सेकंदांपेक्षा जवळपास ०.४ सेकंदांचे अंतर आहे, म्हणून सगळे ठीक दिसते आणि कागद फाइलला लागतो.

आता लोडशेडिंगनंतरचा क्षण पाहा. माग, वार्पिंग आणि डाईंगचे पंप एकदम उठले आणि एलटीवर काही सेकंद २,००० अँपिअर गेले. एचटीला ते ७८.७ अँपिअर दिसतात, पिकअपच्या २.४२ पट. याच सेटिंगवर रिले १.९६ सेकंदांत पडेल. एसीबीला याच करंटला सुमारे १.८ सेकंद लागतात. दोघांत अंतरच नाही. एसीबीचा डिले कोणी एक पायरी वाढवला, की एचटी आधी पडणार हे नक्की. मागांच्या कारखान्यात ‘विनाकारण ट्रिप’ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. ०.५९ सेकंदांचा हिशोब फक्त मोठ्या फॉल्टच्या एका बिंदूवर केला गेला आणि मधला पट्टा कोणी पाहिलाच नाही.

न्यूमेरिकल (डिजिटल) रिले असेल तर व्हेरी इन्व्हर्स घ्या. सूत्र असे: वेळ = १३.५ × टीएमएस ÷ (पट − १). टीएमएस ०.७० ठेवला तर:

- ५८३ अँपिअरला ०.५६ सेकंद. मोठ्या फॉल्टचा वेळ जवळपास तोच.
- ७८.७ अँपिअरला ६.६ सेकंद. एचटी रिलेच्या बाजूने माग उठायला पुरेसा अवधी, आणि लोड खरोखरच अडकला असेल तर एसीबी आधी पडेल.
- इनरशच्या ३१५ अँपिअरला १.०९ सेकंद. झटका त्याच्या कितीतरी आधी ओसरतो.

ट्रान्सफॉर्मर एलटी टर्मिनलवरचा शॉर्ट सर्किट २ सेकंद सोसेल अशा रचनेचा असतो. ०.५६ सेकंद त्याच्या आत आरामात बसतो.

जुना डिस्कचा स्टँडर्ड इन्व्हर्स रिलेच असेल तर टीएमएस वाढवत बसू नका. माग टप्प्याटप्प्याने सुरू होतील अशी टायमरची सोय करा. तो खर्च जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळपासही जात नाही.

### इन्स्टंट

एलटीच्या फॉल्टवर इन्स्टंट चालता कामा नये. ५८३ × १.२५ ते १.३ घेतले की ७३० ते ७५८. आपण ७५० अँपिअर घेतले. ते इनरशच्या ६५५ च्याही वर आहे. यामुळे इन्स्टंट फक्त एचटी केबल आणि एचटी वाइंडिंगच्या सुरुवातीच्या फॉल्टला पडेल, तिथे मात्र क्षणात.

तपासा: सबस्टेशनमधल्या फीडर रिलेला ५८३ अँपिअरला किती वेळ लागतो? तो ०.५६ सेकंदांपेक्षा पुरेसा जास्त हवा, निदान ०.३ सेकंदांनी. नसेल तर आपलाच टीएमएस खाली आणा. दुसऱ्याचा फीडर आपल्या सोयीसाठी पाडायचा नाही.

## टप्पा ६: डेल्टा काय लपवते

डीवायएन-११ जोडणीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, एलटीवर दोन फेजमध्ये फॉल्ट झाला की एचटीच्या एका लाईनमध्ये तीन फेज फॉल्टइतका पूर्ण करंट जातो आणि उरलेल्या दोघींत निम्मा. पैशासाठी दोनच फेजना ओव्हरकरंट एलिमेंट लावले आणि पूर्ण करंटची लाईन नेमकी तिसरी निघाली, तर रिलेला निम्माच फॉल्ट दिसेल. म्हणून तीन ओव्हरकरंट आणि एक अर्थ फॉल्ट (जमिनीकडे जाणारा करंट पाहणारे एलिमेंट) असा रिले घ्या.

दोन, एलटीचा अर्थ फॉल्ट एचटीच्या अर्थ फॉल्ट एलिमेंटला दिसतच नाही, डेल्टा तो अडवते. ओव्हरकरंटला तो ०.५८ पट दिसतो, तोही फॉल्ट घट्ट असेल तर. केबलचे इन्सुलेशन हळूहळू जळत असेल तर एवढाही दिसत नाही. त्यासाठी एलटी न्यूट्रलवर सीटी बसवून वेगळे अर्थ फॉल्ट संरक्षण द्या आणि ते एचटी ब्रेकरला पाडेल असे जोडा. एसीबीतला अर्थ फॉल्ट एसीबीच्या पुढचेच पाहतो. ट्रान्सफॉर्मर ते एसीबी हा तुकडा न्यूट्रल सीटीशिवाय उघडा राहतो.

नेहमीची चूक: एसीबीच्या अर्थ फॉल्टला न्यूट्रलचा चौथा सीटी जोडलेला नसतो. मग साध्या अनबॅलन्सवर एसीबी पडू लागतो आणि कोणीतरी अर्थ फॉल्ट ‘ऑफ’ करून टाकतो. चौथा सीटी जोडा, दिशा तपासा आणि संरक्षण चालू ठेवा.

एचटीला ब्रेकरऐवजी फ्यूज असेल तर? एक फ्यूज गेला की या जोडणीत एलटीचा एक फेज पूर्ण व्होल्टेजला राहतो आणि दोन फेज निम्म्यावर येतात. माग बंद पडत नाहीत, कण्हत राहतात आणि मोटारी एकामागून एक जळतात. तीन पोल एकत्र पाडणारा ब्रेकर हवा असे वर म्हटले, ते यासाठी. फ्यूजच ठेवायचा असेल तर स्ट्रायकर पिनने (फ्यूज उडताच बाहेर येणाऱ्या पिनने) स्विच ट्रिप होणारा एचआरसी सेट घ्या, एक फ्यूज उडाला तरी तिन्ही बदला, आणि एलटीला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारे उपकरण) बसवा.

लहान डीपीवर (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर) डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज असतो. २०० केव्हीएचा एचटी करंट १०.५ अँपिअर. लिंक फुल लोडच्या साधारण २ ते ३ पट निवडतात आणि उत्पादकाच्या कर्व्हवर १२६ अँपिअर ०.१ सेकंद सोसते का ते पाहतात. ओव्हरलोडचे संरक्षण ती करत नाही, ते काम एलटी ब्रेकरचे. लिंकच्या जागी तांब्याच्या तारेचे पदर वळून बांधले, की संरक्षण संपले असे समजा.

## टप्पा ७: अमेरिकन तक्ता समोर आला तर

इंटरनेटवर शोधले की अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचे ४५० वे प्रकरण पहिले हाती लागते. १००० व्होल्टवरच्या प्रायमरीसाठी, इम्पीडन्स ६ टक्क्यांपर्यंत असेल तर ब्रेकर ६०० टक्के, फ्यूज ३०० टक्के. हे वाचून कोणी २६.२ × ६ करून १५७ अँपिअरचा पिकअप लावला, तर एलटीवर चारपट करंट वाहत राहिला तरी एचटी रिले हलणार नाही.

तो आकडा परवानगीची वरची हद्द आहे, सेटिंग नव्हे. शिवाय तो सेकंडरीच्या संरक्षणासोबतच लागू होतो: सेकंडरी १००० व्होल्टपर्यंत असेल तर सर्वसाधारण जागेत १२५ टक्के. अर्धी ओळ उचलायची आणि उरलेली सोडायची, असे करू नका. आपल्याकडे विद्युत निरीक्षकासमोर केंद्रीय विनियम आणि भारतीय मानकेच चालतात.

## टप्पा ८: पाडून पाहा

सेटिंग टाकले म्हणजे काम झाले असे नाही.

1. सेकंडरी इंजेक्शन किटने (रिलेला थेट चाचणीचा करंट देणाऱ्या संचाने) तिन्ही फेजला पिकअप तपासा. मग पिकअपच्या २ पट आणि ५ पट करंटला वेळ मोजा. व्हेरी इन्व्हर्स, टीएमएस ०.७० ला हिशोबाने ९.४५ आणि २.३६ सेकंद यायला हवेत.
2. रिलेच्या कॉन्टॅक्टवर थांबू नका. ब्रेकर प्रत्यक्ष पडला पाहिजे.
3. ट्रिपची बॅटरी किंवा पॉवर पॅक पाहा. चार्जर बंद करून ब्रेकर पाडून बघा. रिलेने हुकूम दिला आणि कॉइलला व्होल्टेजच मिळाले नाही, तर वरचा सगळा हिशोब वाया. उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी लवकर आटते, त्यामुळे मार्चपासून दर पंधरवड्याला पाहा.
4. ऑइल आणि वाइंडिंग टेंपरेचरचे ट्रिप, असतील तर, हाताने काटा फिरवून तपासा. एचटी रिलेला १० टक्के ओव्हरलोड दिसत नाही, या दोन काट्यांना आणि एसीबीला दिसतो.
5. सीटीच्या शॉर्टिंग लिंक काढल्या का, हे दोघांनी पाहून सही करा. टेस्टनंतर लिंक तशीच राहिली तर रिले आंधळा होतो आणि बाहेरून काही कळत नाही.

## टप्पा ९: ट्रिप झाल्यावर

रिलेला हात लावण्यापूर्वी फ्लॅग किंवा रेकॉर्ड वाचा आणि लिहून घ्या: कोणता फेज, कोणते एलिमेंट, किती करंट.

इन्स्टंट पडला असेल तर फॉल्ट एचटी केबलमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आत आहे असेच धरा. मेगर (इन्सुलेशनची चाचणी) घेतल्याशिवाय आणि बुखोल्झ पाहिल्याशिवाय पुन्हा चार्ज करायचे नाही, मालकाने कितीही घाई केली तरी. टाइम ओव्हरकरंट पडला आणि एसीबी चालूच राहिला, तर फॉल्ट दोघांच्या मध्ये आहे किंवा टप्पा ५ मध्ये सांगितलेला मधला पट्टा चुकला आहे. आधी तो एलटीचा तुकडा तपासा, मग हिशोब. अर्थ फॉल्ट पडला असेल तर एचटी केबलची टोके आधी बघा.

सेटिंग बदलायचेच ठरले तर जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि तारीख असा कागद पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा, त्यावर सुपरवायझरची सही घ्या, आणि एचटीचा आकडा बदलला असेल तर फीडर रिलेशी जुळवणी पुन्हा करून त्याची प्रत महावितरणकडे द्या.